आड कोरडा, उपदेश पोहऱ्याला

‘परिचारिकेने आधी स्वतःची काळजी घ्यावी. जी स्वतःला सांभाळत नाही, ती रुग्णाला काय सांभाळणार?’ हे म्हणणं आता इतकं सोज्वळ झालं आहे की त्याला विरोध करणारा एक तर निर्दय ठरतो, नाही तर ‘सेवा हाच धर्म’वाला. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. तो जवळ आला की आमच्या बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर या विचाराला भरती येते. केक कापले जातात, गुलाब वाटले जातात, कुणीतरी प्रशिक्षक श्वासाचे व्यायाम शिकवून जातो आणि रिकाम्या पेल्यातून ओतता येत नाही हे सुभाषित पडद्यावर झळकतं. आपल्याकडे हीच गोष्ट अधिक नेमकी म्हटली जाते: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आपली म्हण निदान आडाकडे बोट दाखवते. हा प्रशिक्षक पोहऱ्यालाच सांगतो की बाई, तू आधी भरून ये.

मला या विचाराचा प्रतिवाद करायचा आहे, आणि प्रतिपक्ष लेचापेचा नाही. अमेरिकन परिचारिका संघटनेच्या आचारसंहितेच्या २०१५ च्या आवृत्तीत पाचवं कलम सांगतं की परिचारिकेची इतरांबद्दल जी कर्तव्यं आहेत, तीच स्वतःबद्दलही आहेत. डोरोथिया ओरेम यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात स्व-काळजी ही कल्पना परिचर्याशास्त्राच्या केंद्रस्थानी आणून ठेवली. मिशेल फुको यांनी लैंगिकतेच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात, १९८४ साली, ग्रीक आणि रोमन माणूस स्वतःची निगा कशी राखत असे याचा शोध घेतला. ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय कवयित्रीने कर्करोगाशी झुंजताना १९८८ च्या पुस्तकात स्वतःला जपणं ही राजकीय लढाई असल्याचं लिहिलं. शिवाय प्रतिपक्षाच्या बाजूने इतिहासही आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण परिचारिकेला देवी, माउली, ममतेची मूर्ती म्हणत आलो आणि मूर्तीला भूक लागत नाही असं गृहीत धरत आलो. त्या ढोंगापेक्षा ‘स्वतःकडे बघ’ हा सल्ला केव्हाही माणुसकीचा, असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य आहे.

वाद त्यापुढचा आहे. ही काळजी कुणाच्या अंगावर टाकली जाते, यावर सगळं अवलंबून आहे.

सर्जापूर रोड या वादासाठी तसा सोयीचा रस्ता. कोरमंगलाच्या बाजूला तो सुरू होतो तिथे सेंट जॉन्स आहे: कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ साली सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. दुसऱ्या टोकाला, सर्जापूर गावाकडे, अझीम प्रेमजी विद्यापीठ. तिथे तत्त्वज्ञान शिकवतात. मधल्या पट्ट्यात इब्लूरचा चौक, बेल्लंदूर, विप्रोचं मुख्यालय, कॉर्पोरेट रुग्णालयं, आणि मागच्या गल्ल्यांत सिस्टरांची पीजी, एका खोलीत तिघी-चौघी. केरळच्या, ईशान्येच्या, अधूनमधून बेळगावकडची एखादी, जिच्याशी मराठीत दोन वाक्यं बोलता येतात. सेवाभाव एका टोकाला, तत्त्वचिंतन दुसऱ्या टोकाला, आणि ड्यूटी मध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकलेली.

ओरेमपासून सुरू करते, कारण नर्सिंग कॉलेजात त्यांचा सिद्धान्त पाठ करावा लागतो आणि परीक्षेनंतर तो विसरणं परवडतं. त्यांच्या मांडणीत स्व-काळजी मुळात रुग्णाची आहे. प्रत्येक माणसाच्या काही सार्वत्रिक गरजा असतात, त्या ओरेम यांनी आठ मोजल्या: हवा, पाणी, अन्न, मलमूत्रविसर्जन, हालचाल आणि विश्रांती यांचा मेळ, एकांत आणि सहवास यांचा मेळ, धोक्यापासून बचाव, आणि चारचौघांसारखं जगता येणं. आजारात, अपघातात, म्हातारपणी या गरजा ज्याच्या त्याला भागवता येत नाहीत; तूट पडते. ती तूट ज्याच्याकडे क्षमता आहे त्याने भरून काढायची. ओरेम यांच्या लेखी परिचर्या म्हणजे हेच.

आता ही यादी रुग्णाच्या उशाशी न लावता नाइट ड्यूटीच्या सिस्टरला लावून पाहा. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. पाणी ती मोजून पिते, कारण बाथरूमला जायचं तर तिच्या खाटांकडे कोण बघणार? डबा उघडला जातो पहाटे तीनला, तोही दोन बेलच्या मध्ये. विश्रांतीसाठी खुर्ची आहे, पण तिच्यावर डोळा लागला तर मेमो. एकांत बारा तासांत नाही आणि पीजीच्या खोलीतही नाही. सहवास म्हणावा तर दिवसपाळीची मैत्रीण हँडओव्हरपुरती भेटते. धोका म्हणाल तर सुईटोचणीपासून नातेवाइकाच्या उगारलेल्या हातापर्यंत सगळा. आणि चारचौघांसारखं जगणं म्हणजे गावच्या जत्रेला, बहिणीच्या लग्नाला जाता येणं असेल, तर ते ड्यूटी-चार्ट ठरवतो. यातली कोणती तूट तिच्या अज्ञानातून आली आहे? शरीराला पाणी किती लागतं हे ती पहिल्या वर्षाला शिकली. रुग्णांच्या इनटेक-आउटपुटचा हिशेब तीच ठेवते. तिला पाणी पिण्याचं महत्त्व समजावून सांगणाऱ्या प्रशिक्षकाची मला खरंच कमाल वाटते.

तेव्हा ओरेम यांचंच शास्त्र प्रामाणिकपणे लावायचं तर निदान असं निघतं: इथे तूट आहे, तुटीचं कारण ड्यूटी-चार्ट आहे, आणि ती भरून काढायची क्षमता चार्ट बनवणाऱ्याकडे आहे. स्व-काळजीच्या कार्यशाळेत या निदानाचं काय होतं? तूट तीच राहते, फक्त ती भरायची जबाबदारी जिच्यात तूट पडली तिच्यावरच येते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला ‘उठा, स्वतः अंघोळ करा, स्वावलंबन चांगलं’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याला परिचारिका म्हणणार नाही.

याला केवळ युक्तिवाद म्हणून उडवून लावायचं असेल तर आकडे आहेत. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि परिचारिकेची भावनिक दमछाक होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. हे दोन आकडे एकाच अभ्यासात, एकाच कारणातून आलेले आहेत. ज्या कारणाने सिस्टर थकते त्याच कारणाने रुग्ण दगावतो. कॅलिफोर्नियाने १९९९ साली एका परिचारिकेमागे किती रुग्ण याची मर्यादा कायद्याने घातली आणि २००४ पासून ती लागू केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली या दमछाकीची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या जागेशी निगडित घटना म्हणून केली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण कागदावर आहे: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, वर रजा-राखीव म्हणून ३० टक्के. एखाद्या रात्री अकरानंतर जनरल वॉर्डात उभं राहून खाटा मोजा आणि सिस्टर मोजा. ध्यानधारणेने हा भागाकार बदलत नाही.

ज्या आचारसंहितेचं पाचवं कलम प्रतिपक्ष नाचवतो तिचं लगेच पुढचं, सहावं कलम कुणी पडद्यावर दाखवत नाही. कामाच्या जागेचं नैतिक वातावरण आणि नोकरीच्या अटी सुधारणं हे परिचारिकेचं काम आहे, आणि ते तिने एकटीने तसंच सामूहिकरीत्याही करायचं आहे, असं ते सांगतं. ‘सामूहिक’ हा शब्द सभागृहात उच्चारला तर पुढच्या वर्षी त्या प्रशिक्षकाला कोण बोलावणार!

आता ग्रीक. फुको यांनी १९८२ च्या जानेवारीत दिलेल्या व्याख्यानात प्लुटार्कने नोंदवलेला एक किस्सा सांगितला होता. स्पार्टाच्या माणसाला कुणीतरी विचारतं, तुमची शेतं तुम्ही स्वतः न कसता गुलामांवर का सोपवता? तो उत्तर देतो की आम्हाला स्वतःकडे लक्ष देता यावं म्हणून. प्रतिपक्षाने हा किस्सा जरूर वाचावा. स्वतःची काळजी घेण्याची ती थोर परंपरा दुसऱ्याच्या राबण्यावर उभी होती, हे सांगायला स्पार्टन माणसाला लाज वाटली नव्हती. आपल्याला वाटते, म्हणून आपण ते बोलत नाही. पहाटे कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याभोवती चालायला, पळायला, प्राणायामाला आम्ही सगळे जमतो. त्या वेळी आमच्यापैकी कित्येकांच्या घरी आईजवळ, सासऱ्यांजवळ एजन्सीची अटेंडंट असते. ‘चोवीस तास’ असा तिचा दर असतो, आणि चोवीस तासांतले झोपेचे तास कोणते, हे कोणत्याही करारात मी वाचलेलं नाही. तिचं अंथरूण रुग्णाच्या पलंगाखालून निघतं. तिचं स्नानगृह बऱ्याच सोसायट्यांत तळमजल्यावर, ड्रायव्हरांच्या शेजारी. आमची स्व-काळजी तिच्या जागरणावर चालते. लॉर्ड यांचं नाव घेणाऱ्यांनीही हे पाहावं. जिच्या जगण्याला सभोवतालची व्यवस्थाच मोल देत नाही अशा बाईने स्वतःला टिकवणं म्हणजे लढाई, असं त्यांचं म्हणणं होतं. ते या अटेंडंटला लागू पडतं. मला आणि माझ्या योगाच्या चटईला पडत नाही.

या प्रश्नावर मला सर्वांत पटणारं उत्तर एव्हा किटे या तत्त्वज्ञ बाईंचं आहे. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीच्या त्या आई. १९९९ साली त्यांनी प्रेमाच्या श्रमांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते समाजाची न्याय्य रचना एका साध्या साखळीवर उभी राहते: जो दुसऱ्याची काळजी घेतो त्याची काळजी तिसऱ्याने घ्यायला हवी, कारण काळजी घेण्यात गुंतलेला माणूस स्वतःकडे पाहू शकत नाही. हा त्याचा दोष नव्हे, त्या कामाचं ते स्वरूपच आहे. बाळंतिणीला आपण ‘स्वतःकडे बघ गं’ एवढं सांगून घरी जात नाही. तिच्यासाठी आई येते, डिंकाचे लाडू येतात, शेक-शेगडी येते. काळजी घेणारीची काळजी हे दुसऱ्या कुणाचं तरी कर्तव्य असतं, हे ज्या समाजाला इतकं स्वच्छ माहीत आहे त्याने रुग्णालयाच्या दारात ते विसरावं!

पण अमेरिकन पुस्तकांकडे जायची तरी काय गरज? हा वाद आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयात होऊन गेलेला आहे.

अरुणा शानभाग या तिथल्या परिचारिका, मूळच्या याच कर्नाटकातल्या, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी केईएमच्या तळघरात कपडे बदलत असताना रुग्णालयाच्याच सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि मग त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या पिढ्यांनी, ज्यांनी अरुणाला कधी चालताना-बोलताना पाहिलंही नव्हतं त्यांनी, त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या देहावर एकही शय्याव्रण नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

ही कथा आपल्याकडे दोन प्रकारे वापरली जाते. त्यागवाले म्हणतात, पाहा, ही खरी सेवा, हिला पगाराचे हिशेब कळत नव्हते. आणि स्व-काळजीवाले दबक्या आवाजात म्हणतात की असं गुंतून पडणं काही बरं नव्हे, त्या परिचारिकांनी थोडं अंतर राखायला हवं होतं. दोघांनाही तिच्यातला एक भाग गैरसोयीचा वाटतो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. अरुणासाठी नीट उपचार आणि स्वतःसाठी कामाची नीट परिस्थिती, या दोन मागण्या त्यांनी एकत्र मांडल्या. आधी तिची की आधी आपली, असा प्रश्न त्यांना पडला नाही. पुढे १९८० च्या दशकात खाट रिकामी करण्यासाठी महापालिकेने अरुणाला केईएमबाहेर हलवण्याचा प्रयत्न दोनदा केला. परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि पालिकेला तो बेत सोडावा लागला. म्हणजे ४२ वर्षांची ती शुश्रूषा मायेने झाली हे खरं, पण निव्वळ मायेने ती ४२ महिनेही टिकली नसती. तिच्यामागे वॉर्ड होता, पाळ्या होत्या, सरकारी नोकरीची शाश्वती होती आणि गरज पडली तर काम थांबवण्याची तयारी होती. एक सिस्टर दमली की दुसरी उभी राहत होती. ‘स्वतःची काळजी’ अशा वेगळ्या डब्यात ठेवायला काही उरतच नव्हतं.

आणखी एक. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने पत्रकार पिंकी विराणी यांची अरुणासाठीची दयामरणाची याचिका फेटाळली. त्या वेळी अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न होता, आणि न्यायालयाने तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. तो निर्णय अरुणाच्या हिताचा होता की नव्हता यावर प्रामाणिक माणसांचं आजही दुमत आहे. माझं स्वतःचं मत विराणींकडे झुकतं. पण त्यातलं तत्त्व मोठं आहे. ३७ वर्षं ज्यांनी कूस बदलली त्यांना या देहाबद्दल काही कळतं आणि म्हणून त्यांना बोलण्याचा हक्क आहे. काळजीतून ज्ञान येतं आणि ज्ञानातून अधिकार. हेच तत्त्व आमच्या रस्त्यावरच्या एखाद्या वॉर्डात आणा. आज रात्री या मजल्यावर आणखी एक सिस्टर लागेल, हे तिथल्या इनचार्जला सगळ्यांत आधी कळतं. तिचा शब्द चालतो का? तिने लेखी दिलं तर काय होतं? ज्या दिवशी तो शब्द चालेल त्या दिवशी श्वासाचे व्यायाम मीही आनंदाने शिकेन.

अरुणा तळघरात कपडे बदलत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला ती प्रदीर्घ ड्यूटीत सेमिनार हॉलमध्ये जरा आडवी झाली होती. सर्वोच्च न्यायालयात त्या प्रकरणाच्या सुनावणीत अरुणांचं नाव पुन्हा निघालं. कपडे बदलायला सुरक्षित खोली आणि पाठ टेकायला कडी असलेली खोली. अर्धशतकात ही मागणी पुरी झाली नाही, आणि स्व-काळजीच्या कोणत्याही पुस्तिकेत ती सापडत नाही, कारण ती खोली कुणी स्वतःपुरती बांधू शकत नाही.

त्यागवाल्यांना थोडक्यात उत्तर देऊन टाकते. ते सावित्रीबाईंचं नाव घेतात. १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्या स्वतः प्लेगने गेल्या, हे खरं. पण जिथे कुणीच नव्हतं तिथे त्या उभ्या राहिल्या. सगळं असूनही माणसं कमी ठेवणाऱ्या रुग्णालयाच्या ताळेबंदाला सावित्रीबाईंचा फोटो टांगू नये. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा ‘रुग्णांना वेठीस धरलं’ हे ठेवणीतलं वाक्य लगेच निघालं. वर्षभर अपुऱ्या माणसांत वॉर्ड चालवला जातो तेव्हा रुग्ण कुणाच्या वेठीला असतो?

प्रतिपक्षाकडे अजून एक मुद्दा उरतो, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो: व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, आज रात्री जी रडवेली झाली आहे तिने काय करायचं? दहा श्वास घ्यावेत, मैत्रिणीला फोन करावा, देवाचं नाव घ्यावं. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. पण ते शिकवणारी कार्यशाळा ड्यूटीच्या वेळेत ठेवा, आणि तेवढा वेळ तिच्या खाटा सांभाळायला माणूस द्या. मी ऐकलेल्या बहुतेक कार्यशाळा नाइट संपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी होतात, हजेरी सक्तीची. आणि त्यानंतर एक सूक्ष्म बदल घडतो. काल दमलेली सिस्टर ही रुग्णालयाची अडचण होती. आज ती तिची कसूर झाली. तुला शिकवलं होतं ना, मग का दमलीस?

नाइटिंगेलबाईंच्या नावाने हे चालावं याची गंमत वाटते. परिचर्येवरच्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात व्यवस्थापनावर एक प्रकरण आहे, आणि त्याचा गाभा असा की तुम्ही हजर असताना जे होतं ते तुम्ही हजर नसतानाही होईल अशी तजवीज करा. नाही तर तुमच्या हजेरीला अर्थ नाही. क्रिमियाहून परतल्यावर या बाईंनी मृत्यूंचे आकडे आखीव आकृत्यांत मांडून सरकारपुढे ठेवले. आपण त्यांच्या हातातला दिवा तेवढा घेतला.

खर्च कोण देणार, असं शेवटी विचारलं जातं. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितलं. ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये, आणि २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, अशी तिची शिफारस आली. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. पण पैसा नाही, हे आमच्या रस्त्यावर कुणी सांगू नये. घरातल्या माणसाला खासगी रुग्णालयात ठेवलं की बिलात खोलीभाडं वेगळं आणि ‘नर्सिंग चार्जेस’ वेगळे लागतात, दर दिवसाला, खोलीच्या दर्जाप्रमाणे चढत जाणारे. डीलक्स खोलीतल्या नर्सिंगचा दर जास्त आणि जनरल वॉर्डातल्याचा कमी, सिस्टर मात्र त्याच, त्याच पगारावर. मी एकदा काउंटरवर विचारलं की ही रक्कम नेमकी कशाची? तो मुलगा भला होता. म्हणाला, मॅडम, सिस्टीमच लावते. तर सिस्टीमने आणखी एक ओळ लावावी: अमुक रात्री, अमुक मजल्यावर, रुग्ण इतके, सिस्टर इतक्या. नर्सिंग चार्जेसच्या बरोबर खाली, त्याच कागदावर.